इंग्रजीतले क्रमवाचक शब्द आणि आपला ‘कितवा’

गेल्या वर्षी प्रथम वर्षाच्या वर्गात एका मुलीने मला एक प्रश्न विचारला. मी मूळची मराठीची अध्यापिका. पण बडोद्यात मराठी विषय घेणाऱ्या मुलामुलींची संख्या मोठी नसते. त्यामुळे मराठी आणि गुजराती माध्यमांतून आलेल्यांसाठी आमच्या महाविद्यालयात इंग्रजीचा जो पूरक वर्ग चालतो, तोही काही वर्षांपासून माझ्याकडे आला आहे. त्या दिवशी एकमेकांची ओळख करून घेण्याचा सराव चालला होता. ही मुलगी उठली आणि म्हणाली, “मॅडम, ‘तू भावंडांत कितवी?’ हे इंग्रजीत कसं विचारायचं?”

मी खडू उचलला, फळ्यावर ‘व्हिच’ लिहिले आणि थांबले. ‘व्हिच चाइल्ड’ म्हणजे ‘कोणते मूल’. ‘हाऊ मेनी’ म्हणजे ‘किती’. ‘कितवी’ काही हाती लागेना. मागच्या बाकावरून एकाने ‘हाऊ मेनीएथ’ असा शब्द जोडून दिला आणि वर्ग हसला. मुलगी ओशाळून खाली बसली. आपले इंग्रजी कच्चे म्हणून आपल्याला हे विचारता येत नाही, अशी तिची समजूत झाली असावी. खरे तर उणीव तिच्यात नव्हती, इंग्रजीत होती. पण ते त्याच क्षणी तिला सांगण्याइतकी माझीही तयारी नव्हती. त्या तासानंतर क्रमवाचक शब्दांच्या मागे मी जरा नेटाने लागले. इंग्रजी बोलताना आपली मुले जिथे अडखळतात, त्यांतल्या कितीतरी जागा मराठीच्या बाजूने पाहिल्या की आपोआप उलगडतात, असे त्यातून लक्षात आले. ते इथे मांडते आहे.

शब्द कसे घडतात

संख्या दोन कामे करते. ‘किती’ हे सांगते तेव्हा ती गणनावाचक आणि ‘कितवा’ हे सांगते तेव्हा क्रमवाचक. इंग्रजीत पहिले तीन क्रमवाचक शब्द, फर्स्ट, सेकंड आणि थर्ड, वेगळ्या घडणीचे आहेत. चौथ्यापासून मूळ संख्येला ‘थ’ जोडायचा: फोर्थ, सिक्स्थ, सेव्हन्थ. मराठीत पहिला, दुसरा, तिसरा, चौथा हे चार वेगळे, आणि पाचव्यापासून ‘वा’ हा प्रत्यय. एकोणिसाच्या पुढे तो ‘आवा’ होतो: एकोणिसावा, विसावा, पंचविसावा. दोन्ही भाषांत अगदी सुरुवातीचे शब्दच नियमाबाहेरचे आहेत. जे शब्द रोज तोंडात असतात ते आपले जुने रूप सहसा सोडत नाहीत.

‘फर्स्ट’चा ‘वन’शी काही संबंध नाही. त्याचा मूळ अर्थ ‘सर्वांत पुढचा’. आपल्या ‘प्रथम’चेही ‘एक’शी नाते नाही, त्याचाही मूळ अर्थ ‘अग्रभागी असलेला’ असाच. ‘सेकंड’ हा तर इंग्रजीचा स्वतःचा शब्दही नव्हे. ‘मागून येणारा’ अशा अर्थाचा लॅटिन शब्द फ्रेंचमार्गे तिथे आला. तो येण्यापूर्वी जुन्या इंग्रजीत दुसऱ्यासाठी जो शब्द वापरत, तो म्हणजे आजचा ‘अदर’. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

अंकात लिहिताना मुले अकराला ‘एस-टी’ आणि बाराला ‘एन-डी’ जोडतात. त्यांना एकच सांगावे: अंकापुढची दोन अक्षरे म्हणजे उच्चारलेल्या शब्दाची शेवटची दोन अक्षरे. एकविसाव्याला ‘ट्वेंटी-फर्स्ट’ म्हणतात, म्हणून तिथे ‘एस-टी’. अकराव्याला ‘इलेव्हन्थ’ म्हणतात, म्हणून ‘टी-एच’. मोठ्या संख्येत प्रत्यय फक्त शेवटच्या शब्दाला लागतो, आपल्या ‘एकशे एकविसावा’सारखाच. स्पेलिंगच्या खोड्या मात्र पाठच कराव्या लागतात. ‘नाइन्थ’मध्ये ‘नाइन’चा शेवटचा ‘ई’ गळतो, ‘एट्थ’मध्ये ‘टी’ एकदाच येतो, आणि ‘फाइव्ह’ व ‘ट्वेल्व्ह’ यांच्या ‘व्ह’चा ‘फिफ्थ’ व ‘ट्वेल्फ्थ’मध्ये ‘फ’ होतो.

वाक्यातली जागा

मराठीत क्रमवाचक शब्द नामाबरोबर बदलतो: पाचवा मुलगा, पाचवी मुलगी, पाचवे मूल, पाचव्या मुलाला. इंग्रजीत ‘फिफ्थ’ जागचा हलत नाही, पण तो एकटाही चालत नाही. त्याच्या आधी बहुधा ‘द’ लागतो, किंवा ‘माय’, ‘हर’ असा मालकी सांगणारा शब्द. आपल्याकडे ‘द’ नाही, म्हणून मुले ‘शी इज फिफ्थ गर्ल इन द लाइन’ असे म्हणून मोकळी होतात.

‘द’च्या जागी ‘अ’ आला की अर्थ पालटतो. ‘शी टुक द सेकंड कप’ म्हणजे मांडून ठेवलेल्या कपांपैकी दुसऱ्या क्रमांकाचा कप तिने घेतला. ‘शी टुक अ सेकंड कप’ म्हणजे एक कप घेऊन झाल्यावर तिने आणखी एक घेतला. ‘अ सेकंड चान्स’ म्हणजे आणखी एक संधी. इथे क्रम मागे पडतो आणि ‘पुन्हा एकदा’ हा भाव पुढे येतो.

वर्गात सर्वांत जास्त आढळणारी चूक ‘चॅप्टर थर्ड’ आणि ‘क्लास टेन्थ’ ही. इंग्रजीचा नियम सरळ आहे. क्रम नामाच्या आधी असेल तर क्रमवाचक शब्द आणि ‘द’: द थर्ड चॅप्टर, द सेकंड वर्ल्ड वॉर. क्रम नामाच्या नंतर असेल तर नुसती संख्या, आणि ‘द’ नाही: चॅप्टर थ्री, वर्ल्ड वॉर टू, क्लास टेन. मग आपली मुले ‘चॅप्टर थर्ड’ का म्हणतात? कारण मराठीत ‘प्रकरण तिसरे’ हीच शिष्ट रचना आहे. ‘अध्याय नववा’, ‘अंक पहिला’, ‘प्रवेश दुसरा’ असे आपण पिढ्यान्‌पिढ्या पोथीत आणि नाटकाच्या पुस्तकात वाचत आलो. ही चूक अज्ञानातून आलेली नाही, मराठीच्या चांगल्या सवयीतून आली आहे. मुलांना तसे सांगितले की ती खजील होत नाहीत, आणि नियमही पक्का बसतो.

या नियमाला ठळक अपवाद राजेराण्यांचा. तिथे नाव आधी, मग ‘द’ आणि क्रमवाचक: हेन्री द एट्थ, एलिझाबेथ द सेकंड. लिहिताना नुसता रोमन अंक असतो, पण वाचताना ‘द’ आणि ‘थ’ दोन्ही उच्चारायचे. आमच्या बडोद्याला याचे उदाहरण घरचेच आहे. १८७५ ते १९३९ या काळात राज्य केलेले महाराज इंग्रजीत ‘सयाजीराव द थर्ड’ आणि मराठीत ‘तिसरे सयाजीराव’. मराठीच्या ‘तिसरे’मध्ये आदरार्थी अनेकवचन आहे, इंग्रजीच्या ‘थर्ड’ला ते दाखवता येत नाही.

उलट एका जागी इंग्रजीची सोय आपल्याला नाही. ‘द थर्ड लार्जेस्ट सिटी’ म्हणजे मोठेपणात जिचा क्रम तिसरा लागतो ती नगरी. मराठीत ‘तिसरे मोठे शहर’ म्हटले तर प्रवासात लागलेले तिसरे मोठे शहर, असाही अर्थ निघतो. त्यामुळे ‘तिसऱ्या क्रमांकाचे’ असे लांबवावे लागते.

‘दुसरा’ म्हणजे ‘सेकंड’ असतोच असे नाही

मराठी ‘दुसरा’ दोन कामे करतो. शर्यतीत दुसरा आला तो क्रमाने दुसरा. पण साडीच्या दुकानात पाच साड्या पाहून झाल्यावर आपण “दुसरी दाखवा” म्हणतो, तेव्हा आपल्याला सहावी साडी हवी असते. इथे ‘दुसरी’ म्हणजे वेगळी, इंग्रजीत ‘अनदर’. जुन्या इंग्रजीतही ही दोन्ही कामे ‘अदर’ या एकाच शब्दाकडे होती. पुढे ‘सेकंड’ आला आणि वाटणी झाली. जुन्या अर्थाची खूण एका प्रयोगात अजून राहिली आहे: ‘एव्हरी अदर डे’, म्हणजे दिवसाआड. औषधाच्या कागदावर हे शब्द दिसले तर ‘इतर सर्व दिवशी’ असा अर्थ लावू नये.

या ‘दुसऱ्या’ने मला स्वतःला एकदा चांगलाच धडा दिला. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. तीन दिवसांचे चर्चासत्र होते, ११ ते १३ तारखांचे. बाहेरगावच्या एका वयोवृद्ध प्राध्यापकांना इंग्रजीत पत्र लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. ते १२ तारखेला पोचावेत आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे १३ ला, त्यांचे व्याख्यान व्हावे, अशी योजना होती. मी चर्चासत्राच्या तारखा लिहिल्या आणि पुढे लिहिले की, आपले व्याख्यान ‘ऑन द सेकंड डे’ आहे. मनात मराठी ‘दुसऱ्या दिवशी’ होते. त्यांनी इंग्रजी वाचले ते इंग्रजीसारखे, म्हणजे चर्चासत्राचा दुसरा दिवस, १२ तारीख. एक दिवस आधी, मुक्कामाची सोय झालेली नसताना, ते ११ च्या रात्री स्टेशनवर उतरले. मला ‘द नेक्स्ट डे’ लिहायला हवे होते, किंवा सरळ तारीख. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. पण थंडीच्या त्या रात्री त्यांना खोली मिळेपर्यंत एका बाकावर बसून राहावे लागले, ते मी विसरलेले नाही. तेव्हापासून वर्गात मी सांगते: ‘दुसऱ्या दिवशी’ हे शब्द इंग्रजीत नेताना आधी विचारा, कशापासून दुसरा?

‘पहिला’चेही असेच आहे. “पहिल्यासारखी चव राहिली नाही” या वाक्यातला ‘पहिला’ म्हणजे पूर्वीचा. तिथे ‘फर्स्ट’ नव्हे, ‘बिफोर’ हवा. आणि “मी हे पहिल्यांदाच पाहते आहे” याचे इंग्रजी ‘धिस इज द फर्स्ट टाइम आय हॅव सीन धिस’ असे होते. मराठीत चालू वर्तमानकाळ आणि इंग्रजीत पूर्ण वर्तमानकाळ, हा फरक ‘फर्स्ट टाइम’ला धरूनच शिकवावा.

तारीख, मजला, शतक

इंग्रजीत तारीख लिहिताना ‘३ मे’ एवढेच लिहिले, तरी बोलताना ‘द थर्ड ऑफ मे’ म्हणतात, अमेरिकेत ‘मे थर्ड’. आपण ‘तीन मे’ म्हणतो, म्हणून इंग्रजांची ही रीत मुलांना विचित्र वाटते. अशा वेळी मी पंचांगाची आठवण करून देते. द्वितीया, तृतीया, चतुर्थी, पंचमी, षष्ठी हे सगळे क्रमवाचकच शब्द आहेत, तिथीसाठी स्त्रीलिंगात वापरलेले. म्हणजे तारीख आपण मोजतो, पण तिथीचा क्रम सांगतो. इंग्रज तारखेलाही तिथीसारखे वागवतात. ‘चतुर्थ’ आणि ‘फोर्थ’, ‘षष्ठ’ आणि ‘सिक्स्थ’ ही तर एकाच प्राचीन भाषाकुळातली दूरची भावंडे आहेत.

मजल्याच्या बाबतीत आपण ब्रिटिशांची रीत उचलली: तळमजला, मग पहिला मजला. अमेरिकेत जमिनीलगतचाच मजला ‘फर्स्ट फ्लोअर’. मुलगा अमेरिकेत आणि आईवडील बडोद्यात, अशी घरे आमच्याकडे गल्लोगल्ली आहेत. “फर्स्ट फ्लोअरवर घर घेतलंय” असे मुलाने कळवले की इथे आईला जिन्याची काळजी लागते. तिथे जिना नसतोच.

शतकाचा घोळ जुना आहे. १८५७ हे वर्ष ‘अठराशे’ने सुरू होते, म्हणून परीक्षेत पुष्कळ मुले त्याला अठराव्या शतकात टाकतात. पहिले शतक १ ते १०० वर्षांचे, म्हणून १८०१ ते १९०० हे एकोणिसावे. अठराशे ही झालेल्या वर्षांची मोजणी आहे, एकोणिसावे हा चालू शतकाचा क्रम. वयातही हाच भेद आहे. एकविसावा वाढदिवस झाला म्हणजे एकवीस वर्षे पुरी झाली. एकविसावे वर्ष लागले म्हणजे वीस पुरी झाली. इंग्रजीतही ‘ट्वेंटी-फर्स्ट बर्थडे’ आणि ‘इन हर ट्वेंटी-फर्स्ट इयर’ यांत एका वर्षाचे अंतर आहे.

अपूर्णांकातही इंग्रजीला क्रमवाचकच लागतात: ‘वन फिफ्थ’ म्हणजे पाचवा भाग, ‘टू थर्ड्स’ म्हणजे दोन तृतीयांश. भाग एकाहून अधिक असले की ‘थर्ड’ला अनेकवचनाचा ‘स’ लागतो, आणि मुले तोच विसरतात. आपल्या पंचमांश, तृतीयांशातही क्रमवाचक आहेत, पण ते पाठ्यपुस्तकातले. बाजारात आपण पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच म्हणतो. त्यांतल्या ‘अडीच’मध्ये मात्र एक क्रमवाचक दडलेला आहे. हा शब्द संस्कृत ‘अर्धतृतीय’वरून प्राकृतातून आला. दोन पुरे आणि तिसरा अर्धा, म्हणून अर्धतृतीय. भाजीवालीकडे अडीच किलो कांदे मागताना आपण नकळत ‘तिसरा’ म्हणत असतो.

प्रत्येक भाषेचे क्रमवाचक तिच्या लोकांच्या चालीरीतींत रुजलेले असतात. ‘अॅट द इलेव्हन्थ अवर’ म्हणजे अकरा वाजता नव्हे, ऐन शेवटच्या घटकेला. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दृष्टान्त आहे. तिथे दिवसाचे बारा तास धरले आहेत आणि अकराव्या तासाला, म्हणजे दिवस संपत आला असता, शेवटचे मजूर कामावर येतात. आपल्याकडचा ‘दुष्काळात तेरावा महिना’ अधिक मासातून आला आणि ‘पाचवीला पुजलेले’ बाळाच्या पाचवीच्या विधीतून. हे शब्द शब्दाला शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत नेता येत नाहीत.

‘कितवा’ कुणाकडे आहे?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येते. इंग्रजीत ‘थर्ड’, ‘फिफ्थ’, ‘फिफ्टीन्थ’ अशी उत्तरे आहेत, पण ज्याचे हे उत्तर असावे असा एका शब्दाचा सरळ प्रश्न नाही. “द्रौपदी मुर्मू या भारताच्या कितव्या राष्ट्रपती?” हे मराठीत चौथीतले मूलही विचारील. उत्तर पंधराव्या. इंग्रजीत त्यासाठी आडवळणाने जावे लागते: आधी किती राष्ट्रपती झाले ते विचारा, किंवा यादीत त्यांचा क्रमांक काय ते विचारा. “कृष्ण देवकीचे कितवे अपत्य?” याचेही तसेच.

आपले शेजारी याबाबतीत आपल्यासारखेच संपन्न आहेत. गुजरातीत ‘केटलामुं’ आहे, कन्नडमध्ये ‘एष्टनेय’, तेलुगूत ‘एन्नव’. म्हणजे बडोदे, बेळगाव आणि हैदराबाद इथल्या मराठी माणसाला घरात आणि अंगणात दोन्हीकडे हा प्रश्न ऐकू येतो. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या रोजच्या हिंदीत बहुधा ‘कौन-सा’ किंवा ‘कौन-से नंबर का’ यावर काम भागवतात. तिथल्या आपल्या घरांत ‘कितवा’ टिकवायला थोडे अधिक जपावे लागत असणार.

पण खरी काळजी मला आमच्याच घरांची वाटते. परवा माझ्या भाचीचा सहा वर्षांचा मुलगा मला विचारत होता, “आजी, तुझा कोणत्या नंबरचा बर्थडे आहे?” घरी मराठीच बोलतात, शाळा इंग्रजी. इंग्रजीत ‘कितवा’ नाही, म्हणून त्याच्या मराठीतूनही तो निघून चालला आहे. मी म्हटले, “अरे, कितवा वाढदिवस, असं विचार.” त्याने शब्द दोनदा घोळवला आणि मग संध्याकाळभर सगळ्यांना विचारत सुटला: कितवा मजला, कितवी पोळी, कितवं पान. भुकेल्याला ताट मिळावे तसे त्याचे झाले होते. दुसऱ्या भाषेतून शब्द घेण्यात काही बिघडत नाही, आपण ते नेहमीच केले आहे. पण ज्या भाषेत एखादी गोष्ट विचारताच येत नाही तिच्या मापाने आपली भाषा कापून घेऊ नये.

त्या मुलीला मी पुढच्या तासाला उभे केले आणि वर्गासमोर सांगितले की, तुझ्या प्रश्नाला इंग्रजीत एका शब्दाचे उत्तर नाही आणि ही इंग्रजीची अडचण आहे, तुझी नव्हे. आपण इंग्रजीत असे विचारू: ‘आर यू द एल्डेस्ट, द यंगेस्ट, ऑर समव्हेअर इन बिटवीन?’ तिने ते वहीत उतरून घेतले. मग शेजारणीला तिने ते विचारले, नीट, ‘द’ न गाळता. उत्तर आले, “आय अॅम द थर्ड.” ती माझ्याकडे वळून म्हणाली, “मॅडम, आपलं सोपं आहे, नाही?”

मी म्हटले, “हो. म्हणून दोन्ही येऊ देत.”